निदानानंतर, पहिल्या गोळीआधी: एचआयव्हीच्या तपासण्यांचा माझा अनुभव

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात माझ्या एचआयव्ही तपासणीचा अहवाल पॉझिटिव्ह आला आणि महिनाअखेरीस औषधे सुरू झाली. मधल्या काळाबद्दल मी लिहिते आहे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ माझा त्याच काळात उडाला आणि रुग्णाच्या बाजूने लिहिलेले मराठीत फारसे काही हाती लागले नाही. संसर्ग कसा आणि कोणाकडून झाला, हा या लेखाचा विषय नाही. अजून उपचार सुरू न झालेल्या शरीराचे मोजमाप कसे होते, एवढेच सांगायचे आहे. त्यात तीन गोष्टी पाहिल्या जातात: शरीरावर आजाराच्या खुणा किती आहेत, प्रतिकारशक्ती किती उरली आहे आणि रक्तात विषाणू किती आहे. ही तिन्ही उत्तरे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. माझी जुळली नाहीत, आणि तिन्ही तपासण्या वेळेवर झाल्या म्हणूनच ते लक्षात आले.

सुरुवात झाली ती पुन्हा तीच तपासणी करण्यापासून. उपचार केंद्रात नोंदणी करताना समुपदेशक बाईंनी सांगितले की, औषधे आयुष्यभराची असल्यामुळे ती सुरू करण्याआधी नव्याने रक्त घेऊन निदानाची खात्री करतात आणि जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही तशीच आहे. नमुन्यांची अदलाबदल किंवा नोंदीतली चूक असेल तर ती इथे उघडी पडते. माझ्या मनात अर्थातच आशा जागी झाली. तुमच्याही मनात ती जागी होईल, म्हणून सांगते: ही खातरजमा सर्वांचीच होते, तुमच्या अहवालात काही शंका आहे असा तिचा अर्थ नसतो. माझा दुसरा अहवालही पॉझिटिव्हच आला. त्यावर ‘एचआयव्ही-१’ असा उल्लेख होता आणि तो प्रकार नोंदलेला असणे महत्त्वाचे आहे. विषाणूचा दुसरा प्रकार, एचआयव्ही-२, नेहमीच्या विषाणूभार तपासणीत (म्हणजे रक्तात विषाणू किती आहे हे मोजणाऱ्या तपासणीत) मोजला जात नाही आणि औषधांचा एक गट त्याच्यावर चालतही नाही.

नोंदणीचा अर्ज लांबलचक होता. नाव, पत्ता, ओळखपत्र, सोबतच्या व्यक्तीचे नाव, फोन करण्याची परवानगी, जोडीदाराच्या तपासणीची माहिती, मुले, पूर्वीचे आजार, चालू असलेली औषधे, औषधांची ॲलर्जी, आणि शेवटी संमतिपत्र. त्यानंतर एक क्रमांक मिळाला आणि पुढच्या प्रत्येक चिठ्ठीवर नावाऐवजी तोच येत राहिला. अर्जावर सही करण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: फोन केला तर ते स्वतःची ओळख काय सांगतील, आणि अहवाल कोणाच्या हाती देतील. मी सोबतची व्यक्ती म्हणून ताईचे नाव दिले होते. फोन तिच्याकडे गेला तरी विषय काढायचा नाही, फक्त ‘परत या’ एवढेच सांगायचे, असे मी तिथेच लिहून घेतले.

जुने कागद शोधून न्यावेत. डॉक्टरांनी सर्वांत आधी विचारले, “यापूर्वीची शेवटची निगेटिव्ह तपासणी कधीची?” मुलीच्या वेळी, गरोदरपणात केलेली माझी तपासणी निगेटिव्ह होती आणि तिला आता आठ वर्षे होत आली आहेत. म्हणजे संसर्ग त्यानंतरचा. संसर्ग साधारण किती जुना असू शकतो, याचा अंदाज त्या एका पिवळ्या पडलेल्या कागदावरून बांधता आला. तरीही मुलीची तपासणी करून घ्या, असे त्यांनी सांगितले, कारण संसर्ग स्तनपानाच्या काळातही झालेला असू शकतो. तिचा अहवाल निगेटिव्ह आला. त्या संध्याकाळी मी आणि ताई बराच वेळ काहीच न बोलता बसून होतो. नवऱ्याचाही निगेटिव्ह आला, पण नुकताच झालेला संसर्ग पहिल्या तपासणीत दिसत नाही, म्हणून त्याला पुन्हा तपासणीसाठी तारीख दिली.

मग शारीरिक तपासणी झाली. तिला इतका वेळ लागेल असे मला वाटले नव्हते. आधी वजन झाले. माझे नेहमीचे ५८ किलो ५३.५ वर आले होते. घट दहा टक्क्यांच्या आत आहे, हे डॉक्टरांनी तिथल्या तिथे हिशोब करून लिहिले, कारण दहा टक्के ही आजाराच्या दोन टप्प्यांमधली सीमारेषा आहे. त्यानंतर टॉर्च लावून तोंडात पाहिले: टाळ्यावर, गालांच्या आतून, जिभेच्या कडांवर. पांढरा, खरवडला तर निघून येणारा थर म्हणजे बुरशीचा संसर्ग असू शकतो आणि तो दिसला तर टप्पा बदलतो. मान, काखा आणि जांघेतल्या गाठी चाचपल्या. अंगभर त्वचा पाहिली, नखे पाहिली, छातीच्या एका बाजूला नागीण होऊन गेल्याचे व्रण पाहिले. गेल्या वर्षी नागीण झाली तेव्हा कामाचा ताण असेल, असेच मला आणि घरच्यांना वाटले होते. दृष्टी अंधुक होते का, गिळताना दुखते का, डोकेदुखी किती दिवसांची आहे, जुलाब महिन्याहून जास्त टिकले होते का, हेही विचारले. झोप, भूक आणि मनात येणारे विचार यांबद्दलचे प्रश्नही त्यातच होते. या प्रश्नांना ‘ठीक आहे’ असे तोंडदेखले उत्तर देऊ नये, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. माझी झोप उडाली होती, हे मी सांगितले आणि त्यासाठी वेगळी मदत मिळाली.

जागतिक आरोग्य संघटनेने या आजाराचे चार टप्पे ठरवले आहेत. पहिल्यात काहीच लक्षणे नसतात किंवा फक्त गाठी सुजलेल्या असतात. दुसऱ्यात दहा टक्क्यांपर्यंतची वजनघट, नागीण, वारंवार तोंड येणे, त्वचेचे व नखांचे काही विकार. तिसऱ्यात दहा टक्क्यांहून जास्त वजनघट, महिन्याहून अधिक चाललेला ताप किंवा जुलाब, तोंडातली बुरशी, फुफ्फुसाचा क्षयरोग. चौथ्यात न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया, मेंदूच्या आवरणाला होणारा क्रिप्टोकॉकस बुरशीचा संसर्ग, मेंदूतला टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग यांसारखे गंभीर आजार. माझ्या कागदावर ‘टप्पा दोन’ असे लिहिले गेले. ते वाचून मी निर्धास्त झाले. चारपैकी दोन म्हणजे अजून बरेच अंतर आहे, असे वाटले.

रक्त त्याच दिवशी घेतले. एकाच वेळी इतक्या नळ्या पाहून धसका बसतो, पण प्रत्येक नळीत रक्त थोडेच लागते. सीडी-४ या प्रतिकारशक्तीच्या पेशी मोजण्यासाठी जांभळ्या झाकणाची नळी होती, तिच्यात रक्त गोठू न देणारे द्रव्य असते. रक्त भरल्यावर ती आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटीसुलटी करावी लागते. जोराने हलवली तर पेशी फुटतात आणि तशीच ठेवली तर आत गुठळी होते. त्या दिवशी खोलीत गर्दी होती. दोन दिवसांनी ताईला फोन आला की, नमुन्यात गुठळी सापडली, पुन्हा यावे लागेल. मला राग आला, भीतीही वाटली, कारण ‘काहीतरी फार वाईट निघाले म्हणून बोलावतात’ हाच विचार मनात होता. तसे काही नव्हते. सीडी-४ च्या तपासणीत जिवंत पेशी मोजतात. म्हणून नमुना फ्रिजमध्ये न ठेवता, सामान्य तापमानाला आणि ठरलेल्या तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. त्यामुळे नमुना बाद होणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. आठवड्याच्या शेवटच्या दिवशी रक्त देणे टाळावे, दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळा बंद असेल तर नमुना वाया जाऊ शकतो. दुसऱ्यांदा रक्त घेणाऱ्या मुलाने नळी हळूहळू उलटताना माझ्याकडे न पाहताच मोजायला सुरुवात केली आणि मीही मनात त्याच्याबरोबर मोजत राहिले.

रक्त घेण्याआधी त्यांनी एक प्रश्न विचारला: गेल्या काही आठवड्यांत ताप, सर्दी, कसली लस? अशा वेळी सीडी-४ तात्पुरता खाली जातो आणि विषाणूभार वर जातो, म्हणून तशी नोंद अहवालासोबत असावी लागते.

सीडी-४ चा अहवाल पुढच्या आठवड्यात मिळाला: १६८. निरोगी प्रौढ माणसात एका घनमिलिमीटर रक्तात या पेशी साधारण ५०० ते १,५०० असतात. याच पेशींमध्ये शिरून विषाणू वाढतो, म्हणून त्यांच्या संख्येवरून प्रतिकारशक्ती किती उरली आहे ते कळते. मी अहवाल हातात घेऊन डॉक्टरांना म्हणाले, “पण मला तर काहीच होत नाही.” ते म्हणाले, “काही होत नाही ही चांगलीच गोष्ट आहे. पण या आकड्यामुळे मला काही आजार मुद्दाम शोधावे लागतील, आणि ते आजच शोधू.” प्रौढांमध्ये संख्या २०० च्या खाली असेल तर लक्षणे असोत वा नसोत, आजार बळावलेला आहे असे धरतात. म्हणजे ‘टप्पा दोन’ वाचून मी निर्धास्त झाले होते, त्याच वेळी माझ्या रक्ताची गोष्ट वेगळी होती. नुसत्या लक्षणांवर भरवसा ठेवला असता तर पुढची क्रिप्टोकॉकसची तपासणी झालीच नसती.

त्या अहवालात आणखी दोन आकडे असतात, ते पाहायला विसरू नये. एक म्हणजे टक्केवारी: एकूण लिम्फोसाइट पेशींपैकी (हा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) सीडी-४ किती. माझी १२ टक्के होती. मूळ संख्या दिवसाच्या वेळेनुसार, इतर आजारानुसार बरीच खालीवर होते. दोन अहवालांत साधारण ३० टक्क्यांपर्यंतचा फरक हा खरा बदल नसूही शकतो. टक्केवारी त्या मानाने स्थिर राहते, म्हणूनच पाच वर्षांखालील मुलांमध्ये तिच्यावर अधिक भर देतात. दुसरा आकडा सीडी-४ आणि सीडी-८ (प्रतिकारशक्तीच्याच दुसऱ्या प्रकारच्या पेशी) यांच्या गुणोत्तराचा. निरोगी माणसात ते साधारणपणे एकाहून जास्त असते, माझे ०.२ होते. तिन्ही आकडे एकाच दिशेला बोट दाखवत होते, त्यामुळे १६८ हा प्रयोगशाळेतला घोळ असेल, ही शंका उरली नाही.

मग शोधाशोध सुरू झाली. क्रिप्टोकॉकस बुरशीचा अंश रक्तात आहे का, हे त्याच नमुन्यावर त्याच दिवशी पाहिले. सीडी-४ शंभरच्या खाली असेल तर ही तपासणी आग्रहाने करतात आणि दोनशेच्या खाली असेल तरी तिचा विचार करतात. डोकेदुखी सुरू होण्याच्या कितीतरी दिवस आधी हा अंश रक्तात दिसू शकतो. तो सापडला तर मेंदूपर्यंत संसर्ग पोहोचला आहे का हे पाठीतले पाणी काढून पाहतात, बुरशीविरोधी औषध आधी देतात आणि मेंदूच्या आवरणाला संसर्ग असेल तर एचआयव्हीची औषधे काही आठवडे पुढे ढकलतात. माझा अहवाल निगेटिव्ह आला.

क्षयरोगासाठी चार प्रश्न असतात: खोकला, ताप, वजन घटणे, रात्री घाम येणे. एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर पुढची तपासणी होते. माझे वजन घटले होते. म्हणून छातीचा एक्स-रे, लघवीतली एक झटपट तपासणी आणि बेडक्याचा नमुना. खोकला नसलेल्या माणसाने बेडका काढणे अवघड असते. सकाळी उठल्याबरोबर, चूळ भरून, खोल श्वास दोन-तीनदा धरून मग छातीतून खोकायचे. लाळ देऊन उपयोग नाही, ती परत पाठवतात. तो अहवाल यायला काही दिवस गेले आणि तो निगेटिव्ह येईपर्यंत डॉक्टरांनी पहिली गोळी थांबवून धरली. तोवर कोट्रायमोक्साझोल ही रोजची गोळी सुरू झाली. सीडी-४ कमी असताना न्यूमोसिस्टिस आणि टॉक्सोप्लाझ्मापासून ती संरक्षण देते. सल्फाची ॲलर्जी असेल तर ती आधीच सांगावी.

बाकी तपासण्यांची नुसती नावे सांगून पुढे जाते. हिमोग्लोबिन व पेशींची गणना, यकृत, साखर, क्रिएटिनिन (टेनोफोव्हिर हे एचआयव्हीचे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून), हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, गर्भधारणेची तपासणी, गर्भाशयमुखाची तपासणी. हिपॅटायटिस बी ची तपासणी औषध ठरवण्याआधी झालीच पाहिजे. टेनोफोव्हिर आणि लामिव्हुडिन ही औषधे त्या विषाणूवरही चालतात, आणि तो संसर्ग असताना ती मध्येच बंद केली तर यकृताचा आजार उसळू शकतो. माझी ही तपासणी निगेटिव्ह आली आणि लस सुरू झाली.

याच दिवसांत एका दूरच्या नातेवाइकाने सांगितले की, “पेशी ५०० च्या खाली गेल्याशिवाय औषध घेऊ नये, शरीराला सवय लागते.” सल्ला मायेपोटीच दिलेला होता, पण तो शिळा होता. एकेकाळी उपचार कधी सुरू करायचे हे सीडी-४ वरच ठरत असे. आधी २०० ची मर्यादा होती, २००९ च्या शिफारशीत ती ३५० वर आली, २०१३ मध्ये ५०० वर. मग २०१५ साली ३५ देशांत झालेल्या ‘स्टार्ट’ नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. पेशी ५०० च्या वर असतानाच औषधे सुरू केलेल्यांमध्ये गंभीर आजार किंवा मृत्यूचा धोका, औषधे पुढे ढकललेल्यांच्या तुलनेत ५७ टक्क्यांनी कमी होता. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आकडा काहीही असो, सर्वांनाच उपचार द्यावेत असे सांगितले. त्यामुळे आज सीडी-४ पाहतात तो औषध द्यायचे की नाही हे ठरवण्यासाठी नाही. औषधासोबत आणखी कशाचा बंदोबस्त करायचा, हे त्यावरून ठरते. हा फरक लक्षात आल्यावर माझी त्या आकड्याची भीती बरीच ओसरली.

विषाणूभाराचा अहवाल सर्वांत उशिरा आला. माझ्या यादीतल्या नेहमीच्या तपासण्यांमध्ये ही तपासणी सर्वांत महाग होती. पैसे भरण्याआधी ती कोणत्या योजनेत किंवा विम्यात बसते का हे लेखी विचारून घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. मी रोज विचारायला जाऊ लागले तेव्हा डॉक्टरांनी जे सांगितले, ते या लेखातले माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे: औषध सुरू करायला अहवालाची वाट पाहायची गरज नसते, नमुना मात्र पहिल्या गोळीआधी घेतलेला असलाच पाहिजे. आजची औषधे इतकी प्रभावी आहेत की, काही दिवसांतच विषाणूभार झपाट्याने खाली येतो. एकदा गोळी पोटात गेली की औषधाआधीचा आकडा पुन्हा कधीच मोजता येत नाही. म्हणून कोणी ओळखीचा माणूस ‘तोवर या घ्या’ म्हणून स्वतःच्या गोळ्या देऊ लागला तर घेऊ नका.

माझा आकडा आला एका मिलिलिटरमागे विषाणूच्या १,१२,००० प्रती, आणि शेजारी ‘लॉग ५.०५’. लॉगची भाषा समजून घेतली तर पुष्कळ घाबरगुंडी टळते. लॉग एकने कमी होणे म्हणजे विषाणू दहापट कमी होणे. दोन अहवालांतला फरक निदान अर्ध्या लॉगचा, म्हणजे साधारण तिप्पट असेल तरच तो खरा बदल मानतात. ६०,००० चे ९०,००० झाले म्हणून रात्र जागून काढण्याचे कारण नाही. संसर्गानंतरच्या पहिल्या आठवड्यांत हा आकडा फार वर जातो, मग खाली येऊन एका पातळीवर रेंगाळतो, आणि ही पातळी जितकी वर, तितक्या वेगाने उपचाराविना पेशी घटतात, हे १९९६ च्या सुमारास संशोधकांनी दाखवून दिले. माझ्या पेशी इतक्या का उतरल्या, याचे उत्तर मला त्यात मिळाले. एक लाखाच्या वरच्या आकड्याला रिल्पिव्हिरिनसारखे औषध पहिल्या उपचारासाठी निवडत नाहीत. माझ्यासाठी डोल्युटेग्राव्हिर, टेनोफोव्हिर आणि लामिव्हुडिन यांची एकत्रित गोळी ठरली.

औषधांना जुमानत नसलेला विषाणूच मुळात शिरला आहे का, हे पाहणाऱ्या जनुकीय तपासणीसाठीही त्याच रक्ताचा भाग राखून ठेवला होता. ही सोय सगळीकडे नसते आणि तिच्यासाठी उपचार अडवून धरत नाहीत. पण ती होणार असेल तर जितका आधीचा नमुना तितका चांगला, कारण असे विषाणू काळाच्या ओघात इतरांच्या गर्दीत झाकले जातात आणि मग तपासणीत दिसेनासे होतात.

पहिली गोळी मी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात घेतली. सीडी-४ कमी असताना औषध सुरू केल्यावर सावरू लागलेली प्रतिकारशक्ती दडलेल्या एखाद्या संसर्गावर तुटून पडू शकते, म्हणून पहिले काही आठवडे ताप, खोकला, नवी गाठ किंवा डोकेदुखी जाणवली तर लगेच या, असे बजावले होते. तसे काही झाले नाही. ऑगस्टच्या अखेरीस पुन्हा रक्त दिले. विषाणूभार तपासणीत सापडला नाही, सीडी-४ २७९ आणि टक्केवारी १७. पहिले आकडे शेजारी नसते तर २७९ पाहून मी खचले असते. विषाणूभार असाच दबलेला राहिला तर लैंगिक संबंधातून संसर्ग पोहोचत नाही, हे डॉक्टरांनी नवऱ्याला आणि मला एकत्र बसवून सांगितले.

कोट्रायमोक्साझोल अजून चालू आहे, पेशी आणखी वर येईपर्यंत ते थांबणार नाही. पुढचा विषाणूभार फेब्रुवारीत आहे. सगळ्या मूळ अहवालांच्या प्रती मी मागून घेतल्या आहेत आणि प्रत्येकीवर नमुना घेतल्याची तारीख, प्रयोगशाळा आणि ‘उपचाराआधी’ किंवा ‘उपचारानंतर’ असे स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे. उद्या केंद्र बदलावे लागले तर नव्या डॉक्टरांना औषधाआधीचे ते आकडे माझ्याकडूनच मिळणार आहेत.